कॅम्पर सेल्फ घेत नाही: उतरलेल्या स्टार्टर बॅटरीचं काय करायचं

सेल्फ मारण्यात बॅटरीचं फारसं काही जात नाही. अडीच-तीन लिटरचं डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ 250 ते 350 अँपिअर ओढतो खरा, पण दोन-तीन सेकंदच. हिशेब मांडला तर तो पाव अँपिअर-तासाच्या आसपास येतो, म्हणजे 80 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीतला चिमूटभर. इंजिन लागलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, तेवढं काही मिनिटांत भरून देतो. म्हणून रोज धावणाऱ्या टेम्पोची बॅटरी वर्षानुवर्षं निमूट काम करते, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री घालून जपलेल्या मोटरहोमची बॅटरी त्याआधीच बसते. स्टार्टर बॅटरी उभी ठेवून मरते.

मुंबईतलं मोटरहोम उभंच जास्त असतं. मे महिन्यात एक फेरी होते, मग जून ते ऑगस्ट पाऊस, आणि गणपतीला कोकणात निघायच्या आदल्या रात्री सामान भरून चावी फिरवली की ‘टक्’. त्या वेळी इलेक्ट्रिशियन मिळत नाही, मिळाला तर तोही गावाला निघालेला असतो. तेव्हा आधी त्या रात्री काय करायचं ते पाहू, आणि ती रात्र पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं ते नंतर.

बॅटरीच आहे ना?

चावी फिरवल्यावर येणारा आवाज नीट ऐका. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज येतोय आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतायत, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जाड ‘टक्’ आला आणि दिवे मंद झालेच नाहीत, तर संशय सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर) घ्या, बॅटरीवर नको. काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत, तर मेन फ्यूज, अर्थिंगची केबल किंवा कट-ऑफ स्विच बघा. कुणीतरी तो बंद करून विसरलेलं असणं अगदी नेहमीचं. इंजिन जोरात फिरतंय पण लागत नाही, तर बॅटरी चांगली आहे. डिझेल, हवा किंवा इमोबिलायझरकडे (चावी ओळखली नाही तर इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेकडे) वळा आणि उगाच सेल्फ मारत बसू नका.

टर्मिनल हाताने पिळून बघा. हलता कामा नये. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर फार लवकर धरतो, आणि भरलेली बॅटरीही त्या थरामुळे मेल्यासारखी वागते. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. कारण साधं आहे: निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. बहुतेक वेळा 10 नंबरचा पान्हा लागतो. कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून थर धुवा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतर, आधी नाही.

मग मल्टिमीटर. साधा चालतो, लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळेल. गाडी किमान तीन-चार तास बंद असताना बॅटरीच्या खांबांवर, क्लॅम्पवर नव्हे, मोजा:

12.6 ते 12.7 व्होल्ट: भरलेली
12.4: तीन चतुर्थांश
12.2: अर्धी
12.0: पाव
11.8 किंवा खाली: उतरली

नुकतीच गाडी चालवली असेल किंवा चार्जर काढला असेल, तर आकडा खोटा वर दिसतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग मोजा. दुसरी कसोटी सेल्फ मारताना: कुणाला तरी चावी फिरवायला सांगून मीटर बघा. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. न फिरवता 12.6 आणि फिरवताना 7, तर ती उतरलेली नाही, आतून खराब आहे. चार्ज करून फायदा नाही.

एक आकडा ओळखून ठेवा: 10.5. बॅटरीत सहा घरं, प्रत्येक सुमारे 2.1 व्होल्टचं. रात्रभर चार्ज करूनही काटा 10.5 च्या आसपासच घुटमळत असेल तर एक घर शॉर्ट झालंय. ती बॅटरी गेली.

मेंटेनन्स-फ्री बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. तो सहापैकी एकाच घराची खबर सांगतो. बाकीची पाच कोरडी असली तरी तो हिरवागार असू शकतो.

मदत शोधण्याआधी मागे वळून बघा

साध्या गाडीत आणि मोटरहोममध्ये फरक हा, की तुमच्याकडे दुसरी बॅटरी आहे. दिवे, पंप, फ्रिज चालवणारी मागची बॅटरी बहुधा भरलेली असते, कारण छतावरचं सोलर पॅनेल तिलाच भरतं. पुढची मेलेली आणि सहा फुटांवर मागची तुडुंब, अशा स्थितीत लोक रस्त्यावर टॅक्सीवाल्याला हात करत उभे असतात.

सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय असा: मागच्या बॅटरीवरचा इन्व्हर्टर चालू करा, त्याच्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये साधा 12 व्होल्ट, 10 अँपिअरचा बॅटरी चार्जर लावा आणि चार्जरचे चिमटे पुढच्या बॅटरीला जोडा. चार्जर साधारण 150 वॉट घेतो, म्हणजे 300 वॉटचा इन्व्हर्टरही पुरतो. मागच्या बॅटरीतून तासाला 14-15 अँपिअर-तास जातील. पाऊण ते एक तासात पुढच्या बॅटरीत 8-10 अँपिअर-तास पडतात आणि बॅटरी आतून धड असेल तर तेवढ्यावर इंजिन लागतं. जाड केबल नको, ठिणगी नको, दुसऱ्याची गाडी नको. म्हणून 10 अँपिअरचा चार्जर घरी कपाटात न ठेवता गाडीतच ठेवावा. हे एवढं केलं तरी या लेखाचा निम्मा उपयोग झाला.

मागची बॅटरी लेड-ॲसिड म्हणजे इन्व्हर्टरची ट्युब्युलर किंवा एजीएम (बंद, पाणी न लागणारी) असेल, तर दोन्हींचे पॉझिटिव्ह एका जाड लाल केबलने थेट जोडूनही चालतं. निगेटिव्ह दोन्हींची बहुधा चासीवर एकत्रच असते. तरी एकदा खात्री करा. 20-30 मिनिटं तशीच ठेवा, केबल काढा, मग सेल्फ मारा. ट्युब्युलर बॅटरी हळूहळू देत राहण्यासाठी बनवलेली असते, 300 अँपिअरचा झटका द्यायला नाही.

मागची बॅटरी लिथियम असेल तर हे थेट जोडणं नको. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी 13.2-13.3 व्होल्टवर आणि समोरची 11 वर, म्हणजे जोडल्या क्षणी मोठा करंट धावतो. बीएमएसने, म्हणजे लिथियम बॅटरीतल्या संरक्षण सर्किटने, तोडलं तर बरं. नाही तोडलं तर केबल तापते. आणि 100 अँपिअरच्या बीएमएसवर सेल्फ मारला तर मागचं घरही अंधारात जातं. लिथियमवाल्यांनी वरचा इन्व्हर्टर-चार्जरचा मार्गच धरावा.

काही मोटरहोममध्ये डॅशवर ‘बूस्ट’ किंवा ‘इमर्जन्सी स्टार्ट’ बटण असतं. ते दाबलं की जाड रिले दोन बॅटऱ्या जोडतो. दाबून लगेच चावी फिरवू नका. पाच-दहा मिनिटं दाबून ठेवता आलं तर ठेवा, मग फिरवा. आणि बटण आहे म्हणजे मागे केबलही जाड आहे असं धरून चालू नका. 6 चौरस मिलिमीटरच्या वायरवर सेल्फचा भार पडला तर इन्सुलेशन वितळतं.

जंपर लावून

बाजारात सिग्नलजवळ आणि ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणाऱ्या रंगीत जंपर केबल जाड दिसतात, पण ती जाडी प्लास्टिकची. हिशेब करून बघा. केबल 4 मीटर, म्हणजे जाऊन येऊन 8. तांबं 6 चौरस मिलिमीटर असेल तर 250 अँपिअरला जवळजवळ 6 व्होल्ट वाटेतच खपतात. 25 चौरस मिलिमीटरला सुमारे 1.4, आणि 35 ला सुमारे 1 व्होल्ट. लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून, 25 किंवा 35 ची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर घ्या, दाबून बसवलेले लग आणि पितळी क्लॅम्प लावून घ्या. ‘तांबंच आहे ना, ॲल्युमिनिअमवर मुलामा नाही ना?’ हे टोक खरवडून बघूनच पैसे द्या. लांबी 4 ते 5 मीटर तरी हवी, कारण व्हॅनवर बांधलेल्या मोटरहोमची बॅटरी बॉनेटखालीच असेल असं नाही. ती सीटखाली किंवा चासीला लावलेल्या पेटीतही असते, आणि पार्किंगमध्ये दुसरी गाडी नेमकी उलट्या बाजूला येते.

मदतीची गाडी 12 व्होल्टचीच हवी. टाटा एस, बोलेरो पिकअप, कार, जीप चालतील. मोठा ट्रक किंवा बस 24 व्होल्टची असते. तिथून जंपर घेतला तर ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), स्टिरिओ आणि अल्टरनेटरचे डायोड एका फटक्यात जाऊ शकतात. ‘काही होत नाही, नेहमी देतो’ असं सांगणारा ड्रायव्हर भेटेल. त्याच्या मनात मदत करायचंच असतं, तरी नको म्हणा. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून 12 काढायची युक्तीही अंधारात, घाईत करायची नाही.

काळी-पिवळी टॅक्सी मदतीला आली तर चालेल, फक्त तिची बॅटरी लहान असते, 35 एएचच्या आसपास. तिच्याकडून थेट 300 अँपिअरची अपेक्षा करू नका. जोडा, टॅक्सीचं इंजिन थोडं रेझ करून 10-15 मिनिटं चालू ठेवा, म्हणजे ती तुमच्या बॅटरीला भरते, मग सेल्फ मारा. दादांचं मीटर थांबलेलं असतं, त्याचा मान ठेवा.

जोडायचा क्रम:

1. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नाहीत, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, दोन्हींची इंजिनं बंद, हेडलाइट-पंखे-फ्रिज बंद.
2. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
3. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
4. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
5. काळीचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिन ब्लॉकवर किंवा रंग नसलेल्या जाड बोल्टवर, बॅटरीपासून लांब.

शेवटचं टोक बॅटरीपासून लांब का? शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेतो. सीटखालच्या बंद पेटीत तर तो साचूनच राहतो, तेव्हा झाकण उघडून पाच मिनिटं हवा खेळू द्या. सिगारेट अर्थातच नाही.

मग चांगली गाडी सुरू करा, 5-10 मिनिटं थांबा, आपला सेल्फ मारा. एका वेळी 5 ते 8 सेकंद, मग किमान अर्धा मिनिट विश्रांती. सेल्फची मोटर सलग चालवण्यासाठी नाही. तीन प्रयत्नांत लागलं नाही तर क्लॅम्प हलवून धातूत रुतवा आणि आणखी दहा मिनिटं थांबा. क्लॅम्प हाताला गरम लागत असेल तर तिथेच करंट अडतोय.

इंजिन लागल्यावर लगेच केबल ओढू नका. दोन-तीन मिनिटं दोन्ही इंजिनं चालू द्या, आपल्या गाडीचे हेडलाइट आणि ब्लोअर लावा म्हणजे व्होल्टेजची उसळी मुरते. मग बरोबर उलट क्रमाने काढा: आधी आपल्या ब्लॉकवरची काळी, शेवटी आपल्या बॅटरीवरची लाल.

हातात मावणारा लिथियम जंप स्टार्टर घेणार असाल तर डिझेलसाठी ‘पीक’ 1000 अँपिअरच्या वरचा घ्या, दर तीन महिन्यांनी भरा, आणि मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात बंद केबिन भट्टी होते. बॅटरी अगदी मेलेली असली तर तो तिला ओळखतच नाही. तेव्हा त्याचं ‘बूस्ट’ बटण दाबावं लागतं. पण ते दाबलं की लाल-काळं उलटं लागल्यास सावध करणारं संरक्षण बंद होतं, तर दोनदा बघून दाबा.

धक्का मारू नका

साडेतीन टनांचं मोटरहोम, वर 100 लिटर पाणी, आणि बंद इंजिन म्हणजे ब्रेकचा बूस्टर नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर ती सुटली तर थांबवणारं कुणी नाही. शिवाय आजच्या कॉमन-रेल डिझेलला इंजेक्शनसाठी ईसीयू जागा लागतो. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर कितीही ढकललं तरी इंजिन लागणार नाही. ऑटोमॅटिकला तर प्रश्नच नाही.

लागली, आता?

‘अर्धा तास फिरवून आणा, चार्ज होईल.’ वॉचमन काका हमखास हे सांगतात. होत नाही. अल्टरनेटर उतरलेली बॅटरी पूर्ण भरण्यासाठी बनलेला नाही. सुरुवातीला बॅटरी भराभर घेते, मग शेवटचा भाग घ्यायला ती कितीतरी तास लावते. अंधेरी ते ठाणे ट्रॅफिकमध्ये एसी, ब्लोअर आणि हेडलाइट लावून गेलात तर आयडलिंगवर उरतंच थोडं. लांब पल्ल्याला निघाला असाल तर ठीक, नाहीतर घरी परतून चार्जरवर लावा.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. 13 च्या खाली असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा, 14.8 च्या वर सतत असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. नव्या बीएस-6 गाड्यांत काहींचा अल्टरनेटर हुशारीने मधूनच व्होल्टेज खाली आणतो, तेव्हा एका नजरेत निकाल देऊ नका. हेडलाइट लावून पुन्हा बघा.

पहिल्या तासात पंपावर, टोल नाक्यावर, चहाला इंजिन बंद करायचं नाही. आणि अटल सेतू किंवा एक्सप्रेसवेसारख्या, जिथे थांबायला मनाई आहे अशा रस्त्यावर त्या दिवशी जायचंच असेल तर आधी बॅटरीची खात्री करा. बंद पडलीच तर हॅझर्डच्या चार 21 वॉटच्या दिव्यांमागे सरासरी साडेतीन अँपिअर जातात, म्हणजे उरलेली बॅटरीही तासा-दोन तासांत संपते. रिफ्लेक्टरचा त्रिकोण लावा, माणसांना कठड्यापलीकडे उभं करा आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033, इतरत्र 112 फिरवा.

नीट चार्ज करणं

करंट एएचच्या दहाव्या हिश्शाचा: 80 एएचला 8 अँपिअर. अर्धी उतरलेली असेल तर 8 ते 10 तास, पूर्ण उतरलेली असेल तर एक दिवस धरा. चार्जर ‘स्मार्ट’ म्हणजे टप्प्याटप्प्याने चालणारा हवा: 14.4 पर्यंत चढवून मग 13.5-13.8 वर स्थिरावणारा. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर रात्रभर लावून ठेवला तर सकाळी बॅटरी भरलेली आणि पाणी उडालेलं. मुंबईच्या उन्हाळ्यात 35 अंशाला 14.4 हेही जास्त होतं. 25 अंशाच्या वर प्रत्येक अंशामागे 0.02 ते 0.03 व्होल्ट कमी लागतात. चार्जरला तापमानाचा सेन्सर असला तर उत्तम.

काळा चिमटा निगेटिव्ह खांबावर लावण्याआधी बघा, तिथे छोटा प्लास्टिकचा सेन्सर आहे का. असला तर चिमटा चासीवर लावा, नाहीतर गाडीला कळतच नाही की बॅटरी भरली.

खूप उतरलेल्या बॅटरीला स्मार्ट चार्जर ओळखत नाही आणि ‘एरर’ दाखवून गप्प बसतो. तिला चांगली 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी दहा-पंधरा मिनिटं समांतर (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) जोडा, व्होल्टेज 11 च्या वर गेलं की चार्जर लावा आणि मदतीची बॅटरी काढा.

झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक घराची ‘ग्रॅव्हिटी’, म्हणजे ॲसिडची घनता, बघा. भरलेल्या बॅटरीत साधारण 1250 ते 1280, अर्ध्यात 1200 च्या आसपास. आकडा थोडा कमी-जास्त असू द्या. महत्त्वाचा तो घरांमधला फरक. एक घर बाकीच्यांपेक्षा 50 ने मागे पडलं असेल तर तेच बॅटरीला घेऊन बुडणार. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, नळाचं नाही, ॲक्वागार्डचं नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील एवढंच आधी घाला. खुणेपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर. आधी भरलं तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन पेटीत सांडतं. ॲसिड कधीच घालायचं नाही. आतलं ॲसिड उडत नाही, पाणीच उडतं.

कुठे गळतंय ते शोधा

पुन्हा पुन्हा उतरते म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधुनिक गाडी झोपलेली असताना 20 ते 50 मिलिअँपिअर खाते. घड्याळ, लॉक, ईसीयू. 50 म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास, म्हणजे 80 एएचची बॅटरी महिनाभरात अर्धी. हे सगळं ठीक असतानाचं! त्यावर पार्किंग मोडवरचा डॅशकॅम 200-400 मिलिअँपिअर लावला की आठवडाभरात खेळ संपतो.

मोजायचं असं. बॉनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने खाली दाबून गाडीला ते बंद वाटू द्या, दारं बंद, चावी लांब. निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून केबल आणि खांबाच्या मध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा येईल. गाडी झोपायला 20-30 मिनिटं घेते, थांबा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही आणि दार उघडायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेला म्हणून समजा. आकडा 50-60 मिलिअँपिअरच्या वर राहिला तर फ्यूज एकेक काढत जा. ज्याला काढल्यावर आकडा कोसळतो, चोर त्या सर्किटवर.

मोटरहोममध्ये नेहमीचे चोर कोण? गाडी बांधणाऱ्याने छतावरचे दिवे, मागचा यूएसबी पॉइंट किंवा पाण्याचा पंप सोय म्हणून पुढच्या बॅटरीवर घेतलेला असतो. पायरीचा दिवा, ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर. आणि फ्रिज: 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज सरासरी दीड-दोन अँपिअर घेतो, म्हणजे एका रात्रीत 15-20 अँपिअर-तास. तो चुकून पुढच्या बॅटरीवर असेल तर काशिदच्या किनाऱ्यावर दोन रात्री काढून तिसऱ्या सकाळी तुम्ही तिथेच असाल.

दुसरा, जरा लपलेला: दोन बॅटऱ्या जोडणारा रिले. इंजिन चालू असताना तो जोडतो, बंद झाल्यावर तोडतो. व्होल्टेजवर चालणारा असेल तर साधारण 13.3 ला जोडतो आणि 12.8 ला तोडतो. त्याचे पॉइंट चिकटले की मागचा फ्रिज पुढच्या बॅटरीलाही खातो. तपासणी सोपी: इंजिन बंद करून तासाभराने मागचे दिवे लावा आणि दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज मोजा. शंभरांशापर्यंत सारखा आला तर रिले चिकटलाय. मागची लिथियम असेल तर रिले नकोच, डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरावीक करंटच घेऊन मागची भरणारा) लावा. नाहीतर रिकामी लिथियम अल्टरनेटरकडून मागेल तेवढं ओढते आणि त्याला भाजते.

पार्किंगमध्ये उभी असताना

आठवड्याला खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं ही वाईट सवय आहे. बॅटरी भरत नाही, इंजिन तापत नाही, तेलात ओलावा साठतो आणि वरच्या मजल्यावरचे काका सेक्रेटरीकडे जातात. त्यापेक्षा तीन मार्ग, तुमच्या पार्किंगप्रमाणे.

जवळ प्लग असेल तर 1 ते 4 अँपिअरचा मेंटेनन्स चार्जर महिन्यातून दोन दिवस. लक्षात घ्या, मोटरहोमला बाहेरून 230 व्होल्ट जोडले तरी आतला चार्जर बहुधा फक्त मागची बॅटरी भरतो. पुढचीला तो जातो का, हे मीटर लावूनच ठरवा. सोसायटीत इलेक्ट्रिक गाड्यांसाठी 15 अँपिअरचा पॉइंट असेल तर कमिटीला विचारा. महिन्याला एखाद-दोन युनिटचा मामला आहे. एक्स्टेन्शन आरसीसीबीवरूनच (वीज गळली की तोडणाऱ्या स्विचवरूनच) घ्या, आणि पार्किंगमध्ये पाणी भरतं अशा सखल भागात राहत असाल तर बोर्ड जमिनीवर टाकू नका, हुकाला टांगा.

उघड्यावर उभी असेल तर 20 वॉटचं छोटं पॅनेल आणि छोटा कंट्रोलर पुढच्या बॅटरीसाठी वेगळा. बऱ्या उन्हात दिवसाला 5 अँपिअर-तासांच्या आसपास देतो, गळतीच्या चौपट. पावसाळ्यात खूप कमी, तरी गळतीपुरतं बहुतेक निघतं. छतावर मोठं पॅनेल आधीच असेल तर त्यातला थेंबभर करंट पुढे देणारा दुहेरी कंट्रोलर, किंवा दोन्ही बाजूंचा व्होल्टेज बघणारा रिले लावला की वेगळं पॅनेल लागत नाही.

तळघरात, प्लगही नाही आणि ऊनही नाही? निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच. दमट गरमीत बॅटरी स्वतःहूनही महिन्याला काही टक्के उतरते, तरी दोन-अडीच महिने निघतात. बंद करण्याआधी चावीने उघडणारं एक तरी दार आहे ना आणि बॅटरीपर्यंत त्या दाराने पोचता येतं ना, ते बघा. सेंट्रल लॉकवर विसंबून बॅटरी गाडीच्या आत बंद करणारे कमी नाहीत. ट्रॅकरही बंद होईल, हे धरून चाला.

आणि गणपतीच्या किमान आठ दिवस आधी मीटर घेऊन खाली जा. 12.4 च्या खाली असेल तर तेव्हाच चार्जरवर. त्या पातळीखाली बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केलं तरी तिची ताकद पूर्ण परत येत नाही.

बदलायचीच असेल तर

एएच आणि क्रँकिंग अँपिअर (सेल्फ मारताना बॅटरी देऊ शकते तो करंट) जुन्याइतके किंवा थोडे जास्त, कमी कधीच नाही. पेटीचं माप, आणि पॉझिटिव्ह डावीकडे की उजवीकडे, हे फोटो काढून न्या. उलट्या बाजूची घेतलीत तर केबल पुरत नाही आणि मग कोणीतरी ती ताणून बसवतो. बनवल्याची तारीख विचारा. दुकानात सहा महिने पडून राहिलेली नवी बॅटरी निम्मी जुनीच. दुकानातच मीटर लावा, 12.5 च्या खाली असेल तर दुसरी मागा. बसवल्यावर पट्टी घट्ट आवळून घ्या, कारण कोकणातल्या रस्त्यांवर सैल बॅटरीच्या प्लेटा आतून तुटतात.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. तिच्यातल्या शिशाला भाव आहे, तो बिलातून वजा करून घ्या, आणि 2022 च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे ती कचऱ्यात टाकायची नसतेच. भंगारवाला दोनशे रुपये जास्त देतो म्हणून त्याला देऊ नका. तो ॲसिड गटारात ओततो.